गाठीला पाणी

सरांच्या सदऱ्याच्या खालच्या खिशात नेहमी चार-पाच खडे असायचे. नदीतले, गुळगुळीत, साधारण बोराएवढे. चालताना ते एकमेकांवर आपटत, आणि शाळेच्या व्हरांड्यात तो आवाज आला की सातवीचा वर्ग आपोआप गप्प व्हायचा. मी नवीन नोकरीला लागलो तेव्हा मला वाटलं, माणूस जरा हललेला दिसतो. पुढे कळलं की खडे ही सरांची बटणं होती, आणि रिकाम्या खिशाचा माणूस त्यांच्या लेखी अर्धाच घराबाहेर पडलेला असे.

त्यांनी आयुष्यात पिशवी विकत घेतली नाही. बडी चावडीच्या भाजीबाजारात जाताना खांद्यावर एक पंचा आणि खिशात खडे. पंचाच्या कोपऱ्यात खडा ठेवायचा, कापड त्यावर आवळायचं, आणि खड्याच्या खाली जी मान तयार होते तिला सुतळीचा फास घालायचा. कापडाला भोक नाही, टाका नाही. दोन मिनिटांत पाच किलो भाजी मावेल अशी झोळी तयार. ती काखेला मारून सर वांगी निवडायला लागत, आणि भाजीवाले त्यांची मजा बघत. दुकानादुकानांत प्लास्टिकच्या पिशव्या फुकट मिळू लागल्या होत्या ती ही वर्षं.

"मास्टरसाब, कैकू इत्ती तकलीफ? कॅरीबॅग में डालके देतूं ना. पैसे नै लेरूं," त्यांचा नेहमीचा कांदेवाला म्हणायचा.

"नक्को मियाँ. तुमची पिशवी घरापर्यंत येईल, आणि मग जन्मभर जाणार नाही," असं सर अर्धं दखनीत, अर्धं मराठीत ऐकवायचे. कांदेवाल्याला निम्मं समजायचं आणि तेवढ्यावर तो पोटभर हसायचा.

मुलं त्यांना मागून गाठोडेसर म्हणायची. आम्ही शिक्षकही म्हणायचो. तोंडावर मात्र नुसतं सर, कारण शाळेतल्या निम्म्या शिक्षकांना त्यांनीच लहानपणी शिकवलं होतं. कार्यानुभव आणि चित्रकला हे त्यांचे विषय, म्हणजे ज्यांच्या मार्कांनी कुणाचं काही बिघडत नाही असे. मी गणिताचा. माझा तास म्हणजे शाळेची अब्रू, त्यांचा तास म्हणजे विसावा, असं आमच्या मुख्याध्यापकांचं मत होतं आणि ते त्यांनी कधी लपवलं नाही.

सरांच्या हातची गाठ आयुष्यात एकदाच सुटली आणि त्यात एका मुलीचा पाय गेला, असं शाळेत अजून सांगतात. ती गाठ सरांची नव्हती. माझी होती. हे मी नऊ वर्षं कुणाला सांगितलं नाही, आणि आता सरांविषयी लिहायला बसलो आहे तर आधी एवढं सांगून टाकलेलं बरं. नाहीतर पुढचं सगळं कौतुक खोटं वाटेल.

आमची शाळा मराठी माध्यमाची. नांदेड, बीदर, उस्मानाबादकडून जुन्या निजामी राजधानीत पोटापाण्यासाठी आलेल्यांच्या नातवंडांची. मी लागलो तेव्हा एकेका इयत्तेत दोन तुकड्या होत्या. पाच वर्षांत एक राहिली, आणि तीही अर्धी रिकामी. दिलसुखनगरला गल्लोगल्ली कॉम्प्युटरचे क्लास निघत होते, पालकांना इंग्रजी हवं होतं, आणि पोरांना चेन लावलेली, चित्राची सॅक. ज्याच्या पाठीवर तशी सॅक दिसे त्याला सर उभं करायचे. रागावायचे नाहीत. फक्त विचारायचे, "हिची चेन तुटली तर काय करशील?" पोरगा म्हणायचा, नवीन घेईन. सर मान हलवायचे, "आणि रानात असशील तर?" पोरगं गोंधळून जायचं, कारण रानात कशाला असू, हे त्याला सुचायचं नाही.

म्हणून सर त्यांना रानात न्यायचे.

सहामाही झाली की डिसेंबरात तीन दिवसांचा मुक्काम. शहराच्या पश्चिमेला खडकांच्या टेकड्या होत्या, एकावर एक रचून ठेवल्यासारखे धोंडे, मध्ये बाभळी आणि एक छोटा तलाव. आता तिथे काचेच्या इमारती आहेत आणि माझे जुने विद्यार्थी त्यांत नोकरी करतात. तेव्हा तिथे बससुद्धा जात नव्हती, शेवटचे तीन मैल चालावं लागे. मुक्कामाची यादी सर फळ्यावर लिहीत: एक सुती चादर, एक पंचा, पाच वाव सुतळी, ताट, वाटी, लोटा. खाली ठळक अक्षरात, पिशवी आणू नये. मग मुलं घरून निघताना ताट-वाटी चादरीत गुंडाळून, छातीशी धरून, निर्वासितांसारखी यायची आणि पालक दारात उभे राहून हसायचे.

तिथे गेल्यावर पहिला तास खडे वेचण्याचा. टोकेरी चालत नाही, चपटा चालत नाही. मग सर एकेक प्रकार शिकवायचे. चादरीचं पाठीवरचं गाठोडं. पंचाची काखेतली झोळी. सदऱ्याच्या बाह्या आणि गळा बांधून केलेली धान्याची थैली. विजारीचे पाय कमरेशी बांधून केलेलं ओझ्याचं गाठोडं, ज्यात विजारीचे पाय दोन खांद्यांवरून येतात आणि पोटात चार किलो लाकूड मावतं. त्या विजारीवर मुली तोंडाला ओढणी लावून हसायच्या आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांत चांगलं विजारीचं गाठोडं त्यांचंच असायचं.

गाठ बांधून झाली की तिला पाणी पाजायचं, हा सरांचा पहिला नियम. लोट्यातलं पाणी चूळभर गाठीवर सोडायचं. सुती कापड आणि सुतळी भिजली की फुगतात, एकमेकांना धरतात. "गाठ तहानलेली ठेवायची नाही," सर म्हणायचे, आणि मुलं गंभीर चेहऱ्याने आपापल्या गाठींना पाणी पाजायची. दुसरा नियम, ज्याला ओझं न्यायचं त्याने गाठ स्वतः ओढून बघायची. दुसऱ्याने बांधली असेल तर दोनदा. आणि तिसरा नियम परतीचा. निघताना सगळ्यांना मागे वळून उभं करायचे, विझवलेल्या चुलीकडे, सारवल्यासारख्या साफ केलेल्या जागेकडे बघायला लावायचे आणि विचारायचे, "काही राहिलं का?" सगळ्यांनी आपलं आपलं बघून, खरंखरं उत्तर द्यायचं. एकदा एका मुलाने अर्ध्या वाटेत कबूल केलं की मी चमचा विसरलो, तर सर पूर्ण रांग परत घेऊन गेले. दीड मैल. एका चमच्यासाठी.

मला हा माणूस आवडायचा आणि त्याची चीडही यायची. मी चोवीस-पंचवीस वर्षांचा, गणितात पहिला वर्ग, आणि मदतनीस शिक्षक म्हणून माझं काम काय, तर सुतळीची बंडलं मोजणं. बाहेर सगळं बदलत होतं. चांगल्या, हलक्या, टिकाऊ वस्तू स्वस्तात मिळत होत्या, आणि आम्ही खडकांत बसून विजारीला गाठी मारत होतो. त्या वर्षी मी बेगमबाजारातून नायलॉनच्या दोरीचं एक भेंडोळं आणलं. निळी, चकचकीत, करंगळीच्या निम्म्या जाडीची. दुकानदार म्हणाला होता, हिच्यावर म्हैस टांगा. मुक्कामाच्या पहिल्या दिवशी मी ती सरांना दाखवली.

त्यांनी ती हातात घेतली, खड्यावर गाठ मारली, लोट्यातलं पाणी ओतलं आणि माझ्यासमोर धरली. पाणी ओघळून गेलं. त्यांनी गाठीला हळूहळू, आत-बाहेर, चालताना बसतात तसे हिसके दिले. विसाव्या-पंचविसाव्या हिसक्याला फास खड्याच्या मानेवरून सरकला.

"पाणी पीत नाही ती," सर म्हणाले. "कपडे वाळत घाल हिच्यावर. ओझं नको."

चार मुलं बघत होती. मी हसलो आणि भेंडोळं खिशात ठेवलं. पण मला ते लागलं होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी, निघायच्या आधी, आठवीतली सुनीता वरच्या धोंड्यावरून उतरताना घसरली आणि तिचा घोटा मुरगळला. तिचे वडील रेल्वेच्या कारखान्यात फिटर, घर तारनाक्याला. पोरगी हुशार, अंगाने बारीक. मी आणि सर वर पोचलो तेव्हा ती रडत नव्हती, नुसती ओठ चावून बसली होती. घोटा सुजला होता, एवढंच. खरं तर एवढंच.

सरांनी खांद्यावरची चादर काढली. तिला पाठीवर बसवून न्यायची झोळी करायची ठरली. चादरीच्या चार टोकांत चार खडे, वरच्या दोन टोकांना सुतळी, ती खांद्यावरून पुढे आणून काखेखालून खालच्या टोकांना. चार गाठी. तीन सरांनी बांधल्या. चौथी, डाव्या खांद्यामागची, झोळी अंगावर घेतल्यावरच बांधता येत होती, आणि तिथे त्यांचा हात पोचत नव्हता. ती माझ्याकडे आली. सुतळी संपली होती. उरलेली सगळी खाली सामानाला बांधलेली. कुणाला पाठवून आणायची तर जाऊन-येऊन अर्धा तास.

मी खिशातली निळी दोरी काढली आणि गाठ मारली.

"सुतळीच ना?" सरांनी मान न वळवता विचारलं. सुनीता त्यांच्या पाठीवर होती, त्यांना वळता येत नव्हतं.

"हो सर."

"पाणी?"

"पाजलं."

पाणी मी खरंच घातलं होतं. तेवढंच काय ते खरं. मला त्या क्षणी काय वाटलं हे मी पुष्कळदा आठवून पाहिलं आहे. घाई होती, हे खरं. पण खाली पोचल्यावर सगळ्यांसमोर ती निळी गाठ दाखवायची, आणि सर, बघा, धरली की नाही, असं म्हणायचं, हेही मनात होतं. ते जास्त होतं.

उतार निम्मा झाला आणि गाठ सुटली. मी मागे होतो. चादरीचं एक टोक सुटून वर उडालं, आणि सुनीता डावीकडे, दोन धोंड्यांच्या मधल्या फटीत कंबरेवर आदळली. तो आवाज मी लिहिणार नाही. मांडीचं हाड खुब्यापाशी मोडलं होतं.

सर वाकले. तिला हात लावायच्या आधी त्यांची नजर दोरीवर गेली. धोंड्यावर पडलेली ती निळी दोरी त्यांनी उचलली, चार बोटांभोवती गुंडाळली आणि सदऱ्याच्या वरच्या खिशात घातली. माझ्याकडे बघितलं नाही. खालून मुलं ओरडत वर येत होती. मग त्यांनी स्वतःचं धोतर फाडून पट्ट्या काढल्या, दोन सरळ काठ्यांत पाय बांधला, चादरीची नवी झोळी केली आणि दोन थोराड मुलांना पुढे-मागे लावून तिला खाली आणलं. सगळ्या गाठी स्वतः बांधल्या. प्रत्येक गाठीला पाणी पाजलं. मी लोटा धरून उभा होतो.

पंधरा दिवसांनी मुख्याध्यापकांच्या खोलीत बैठक झाली. संस्थेचे सचिव, मुख्याध्यापक, सुनीताचे वडील, सर आणि मी. शाळेत माझं अक्षर सगळ्यांत चांगलं, म्हणून इतिवृत्त लिहायला मला बसवलं होतं.

सुनीताचे वडील आवाज न चढवता बोलत होते. "आम्ही लेकरू तुमच्या भरवशावर पाठविलं होतं सर. मोठ्या सायबाच्या नाही, तुमच्या. डॉक्टर म्हणायलेत पाय दोन इंच आखूड राहील. पोरीच्या जातीला काय करावं आता आम्ही?"

सचिवांनी विचारलं, "गाठ कुणी बांधली होती?"

माझ्या हातात पेन होतं. सर माझ्याकडे वळले, आणि वर्गात मुलाला सांगावं तसं म्हणाले, "लिही. झोळी माझी. चारही गाठी माझ्या."

मी लिहिलं. झोळी व तिच्या चारही गाठी सदर शिक्षकांनी स्वतः बांधल्याचे त्यांनी मान्य केले. शेवटी पूर्णविराम दिला, पानाच्या डावीकडे समास सोडलेला होता तो नीट राखला. त्याची एक प्रत सुनीताच्या वडिलांना दिली गेली. तीही मीच काढली, कार्बन ठेवून, दाबून.

सरांनी राजीनामा दिला. तेव्हा सगळीकडे कारखान्यांतून माणसं 'स्वेच्छानिवृत्ती' म्हणून घरी पाठवत होते, आमच्या मुख्याध्यापकांनीही तोच शब्द वापरला. मुक्काम बंद झाला. कार्यानुभवाच्या खोलीतून हातमाग, काथ्या आणि सुतळीची बंडलं बाहेर निघाली आणि दोन कॉम्प्युटर आले. त्यांना कापडी झाकण शिवलं होतं आणि मुलांनी ते काढायचं नाही असा नियम होता.

निरोपाच्या दिवशी मी सरांना शाळेच्या फाटकापाशी गाठलं आणि एवढंच विचारलं, "सर, का?"

"माझी सहा वर्षं राहिलीत नोकरीची. तुझी पस्तीस," सर म्हणाले. "आणि मराठी शाळेला गणिताचा मास्तर मिळतो का आता लेका? मी गेलो तर पोरांचं चित्रकलेवाचून अडणार नाही." थोडं चालून परत थांबले. "आणि ओझं माझ्या पाठीवर होतं. मी विचारलं, पण ओढून बघितलं नाही. पोरांना रोज सांगायचो, दुसऱ्याची गाठ दोनदा बघा म्हणून."

मला त्यांनी एका अक्षराने दोष दिला नाही. तसा दिला असता तर मी कदाचित भांडलो असतो, आणि भांडताना खरं बोलून गेलो असतो.

काचीगुड्याला एका दुमजली घराच्या मागच्या अंगाला त्यांची खोली होती. बायको फार पूर्वी गेलेली, मूलबाळ नाही, नांदेडला एक पुतण्या. खोलीत कपाट नव्हतं. भिंतीला खिळे, आणि प्रत्येक खिळ्याला एक गाठोडं. तांदूळ एकात, कपडे एकात, औषधं एकात, कागद एकात. मी दर रविवारी जायचो. चहा व्हायचा, शाळेच्या गप्पा व्हायच्या. मुलं किती उरली, ते विचारायचे. मी आकडा सांगितला की डोळे मिटून घ्यायचे. नंतर नंतर त्यांचे हात कापायला लागले. गाठ मारायला गेलं की सुतळी बोटांतून सुटायची. तेव्हा ते गाठोडी सोडेनासे झाले. तांदळाला हात घालता येईल एवढं तोंड उघडं ठेवायचे आणि वरून ताटली झाकायचे. शेजारच्या बाईंनी एकदा भाजी कॅरीबॅगमधून आणून खिळ्याला अडकवली, तर ती त्यांनी तशीच राहू दिली. मला ते बघवलं नाही.

मी उठून चपला घालायला लागलो की दर वेळी विचारायचे, "काही राहिलं का?"

मी खिसे चाचपायचो. चष्मा, किल्ली, पाकीट. "नाही सर," म्हणायचो. सवय आहे म्हातारबाबांची, असं मला वाटायचं. आठ-नऊ वर्षांत असे किती रविवार झाले ते माझ्यासारख्या गणिताच्या मास्तराने मोजून काढायला हवं. मी काढलेलं नाही.

या काळात मी आणखी एक गोष्ट करत होतो. सुनीता सात महिने अंथरुणात होती. मी तिच्या घरी जाऊन तिला गणित शिकवायला लागलो. आधी खाटेजवळ बसून, मग ती कुबडी घेऊन चालायला लागली तरी तिच्या दहावीपर्यंत, आठवड्यातून तीनदा. तिचे वडील मला घरातल्यासारखं वागवायचे. तिची आई जेवल्याशिवाय सोडायची नाही. सर मात्र त्या दारात दोन दिवाळ्या येऊन परत गेले. पहिल्या दिवाळीला मी आतच बसलेलो होतो. वडील दार अर्धं उघडून म्हणाले, "तुमचं तोंड बघायची इच्छा नाही आमची. या जन्मात तर नाही." बाहेर खडे वाजले, जिन्यावरून खाली गेले. सुनीताने वहीतून मान वर करून माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "हं, पुढचं समीकरण."

सर गेले ते हिवाळ्यात, दुपारी, झोपेत. अंबरपेटच्या स्मशानात आम्ही दहा-बारा जण होतो. पुतण्या नांदेडहून सकाळच्या गाडीने आला होता. जुन्या विद्यार्थ्यांपैकी तीन. आणि शेडच्या खांबाला टेकून, काठी घेऊन उभी असलेली सुनीता. बायकांनी इथे यायचं नसतं असं गुरुजींनी एकदा डोळ्यांनी सांगून बघितलं, ती हलली नाही. दिलसुखनगरच्या एका क्लासमध्ये ती आता गणित शिकवत होती. डाव्या पायात उंच टाचेचा बूट होता.

अग्नी दिला. पुतण्याने खांद्यावर मडकं घेऊन तीन फेरे मारले, गुरुजींनी एकेका फेरीला दगडाने मडक्याला भोक पाडलं, शेवटी मडकं मागे टाकून फोडलं. तो दगड म्हणजे जीवखडा. दहा दिवस त्यालाच गेलेला माणूस समजायचं, त्यालाच पाणी द्यायचं, आणि तो हरवला तर सगळं व्यर्थ. पुतण्याने तो घेतला आणि फुलांची कॅरीबॅग रिकामी झाली होती तिच्यात टाकायला निघाला.

"प्लास्टिकमध्ये नको," गुरुजी म्हणाले. "कापडात बांधा. नीट बांधा, सुटायला नको. कुणी बांधतंय का?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी सरांच्या सगळ्यांत जवळचा, असं सगळ्यांना माहीत होतं.

तिरडीची उरलेली सुतळी पडली होती. मी खांद्यावरच्या पंचाच्या कोपऱ्यात जीवखडा ठेवला, कापड आवळलं, खड्याच्या मानेला फास घातला, दोन वेढे दिले. नळावर जाऊन गाठीला पाणी पाजलं. परत येताना सुनीता वाटेत उभी होती. तिने हात पुढे केला, मी पंचा दिला. तिने गाठ ओढून बघितली. एकदा. मग पुन्हा एकदा.

"आज सुतळी घेतलीत," ती म्हणाली.

पंचा परत घ्यायला पुढे केलेला हात मी मागे घेतला.

"निळी होती तेव्हा. माझ्या डोळ्यांसमोर होती ना सर, मी पाठीवर होते. सरकताना दिसत होती."

"मग तू सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं होतं. बाबांना. दवाखान्यातच. त्यांना खरंही वाटत होतं थोडं. मग शाळेचा कागद आला. बाबा म्हणाले, गणिताच्या मास्तरांनी स्वतःच्या हाताने लिहून दिलंय, आणि तू पोर खोटं बोलायलीस त्यांच्यावर. एक मारली मला, प्लास्टरमध्ये असताना." ती हे सांगताना माझ्याकडे नाही, गाठीकडे बघत होती. "सर एकदा चोरून वॉर्डात आले होते, बाबा ड्यूटीवर असताना. त्यांना विचारलं मी. ते म्हणाले, तू बघितलंस ते बरोबर आहे. पण ते तू सांगू नको, मीही सांगणार नाही. ते त्याचं आहे. थांब जरा, तो सांगेल."

चितेतलं एक लाकूड घसरलं. कुणीतरी बांबूने ते आत लोटलं.

"तुम्ही शिकवायला यायला लागलात तेव्हा मला वाटलं, आज सांगतील. मग वाटलं, उद्या. दहावीच्या निकालाच्या दिवशी पेढे घेऊन आलात तेव्हा तर मी धरूनच चालले होते." तिने पंचा घडी करून माझ्याकडे दिला. "बाबा बाहेर रिक्षात बसलेत. मला सोडायला आले. आत यायला तयार नाहीत, तोंड बघणार नाही म्हणतात. अजून."

मी पंचा पुतण्याच्या हातात दिला आणि फाटकाकडे निघालो. शंभर पावलं असतील. मला वाटत होतं की वाटेत काहीतरी सुचेल, कसं सुरू करायचं ते. काही सुचलं नाही.

ते रिक्षाच्या मागच्या बाकावर कडेला सरकून बसले होते, मांडीवर टॉवेल. मला बघून त्यांनी शेजारी जागा करून दिली. "या मास्तर. झालं का सगळं?"

मी बसलो नाही. उभ्यानेच सांगितलं. डाव्या खांद्यामागची गाठ मी बांधली होती. दोरी नायलॉनची होती. सरांनी पहिल्याच दिवशी नको म्हणून सांगितलं होतं. त्यांनी विचारलं तेव्हा मी सुतळी आहे म्हणालो. कागदावर लिहिलं ते खोटं होतं. हे सगळं सांगायला एक मिनिटसुद्धा लागलं नाही.

त्यांनी तोंड समोरच्या मीटरकडे फिरवलं. मग म्हणाले, "पोरगी तेव्हाच म्हणली होती."

"हो."

"तुमच्या हातचा कागद हाय माझ्यापाशी. जपून ठेवला. लई वळणदार अक्षर तुमचं."

ते रिक्षातून उतरले. मला वाटलं मारतील, आणि मारावं असंही वाटलं. पण त्यांनी मला बाजूला केलं आणि फाटकातून आत निघाले. आधी चालत, मग जवळजवळ पळत, टॉवेल खाली पडला तरी थांबले नाहीत. मी तो उचलून मागे गेलो. सुनीता खांबापाशी सरळ उभी राहिली.

चितेपासून दहा पावलांवर त्यांनी चपला काढल्या. जाळ आता माणसाच्या उंचीच्या वर गेला होता आणि त्याहून जवळ जाता येत नव्हतं. ते या बाजूला गेले, त्या बाजूला गेले, हाताने डोळ्यांवर आडोसा केला.

"मास्तर," त्यांनी मला विचारलं, "तोंड कोणत्या अंगाला हाय?"

मी हाताने दाखवलं. तिथे नुसता जाळ होता. ते त्या बाजूला जाऊन, हात जोडून, बघत उभे राहिले.